रेडिओमुळे मोहोर जळत नाही, आणि बाकीचे चार मुद्देही धड नाहीत

गेल्या आठवड्यात आत्याने एक मेसेज पुढे पाठवला. ‘खाडीवरचा तो रेडिओ का बंद पडला? पाच खरी कारणं’ असा मथळा, लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’. पाठोपाठ तिचा आवाज: ‘वाचलंस काय गो? बाहेरच्या देशातून पैसे यायचे म्हणे त्यांना. आपल्याला काय ठाऊक!’

ही तीच आत्या, जिच्या जात्यावरच्या ओव्या त्या रेडिओवर लागल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीतला स्टुडिओ, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराच्या फटीत गोधडी कोंबलेली. तिथे बसून तिने ओव्या सांगितल्या आणि मग चार दिवस गावभर सांगत सुटली. तिलाही हे खरं वाटावं, म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

आमच्या खाडीपट्ट्यातलं हे सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे स्थानिक संस्थेने आसपासच्या गावांसाठी चालवलेलं छोटं केंद्र, महिन्यापूर्वी बंद झालं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रेडिओ आता कुणी ऐकत नाही, वादळ, हवामान, भरती-ओहोटी सगळं मोबाइलवर मिळतं, केंद्र परदेशी पैशावर चालायचं, बेकायदा बातम्या द्यायचं म्हणून सरकारने बंद केलं, आणि त्याच्या टॉवरच्या लहरींनी आंब्याचा मोहोर जळत होता.

मोहोराचं आधी उरकते, कारण बागायतदारांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त तेच फिरतंय. सामुदायिक रेडिओला नियमाने अँटेनातून बाहेर पडणाऱ्या जास्तीत जास्त १०० वॉट प्रभावी शक्तीची मुभा असते. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र हापूसच्या ऐन मुलखात कित्येक दशकं मध्यम लहरींवर चालत आलंय, आणि त्याची ताकद किलोवॉटमध्ये मोजतात. लहरींनी मोहोर जळत असता तर रत्नागिरीचा हापूस केव्हाच संपला असता. मोहोर जातो तो तुडतुड्यांनी, फुलकिड्यांनी, भुरीने, करप्याने. थंडी वेळेवर पडली नाही किंवा ऐन मोहोरात पाऊस आला तरी जातो. हे दापोलीचं कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतंय, आणि आमच्या केंद्रावरही फवारणीच्या दिवसांत हेच सांगितलं जायचं. ज्यांनी तुडतुड्यांवर कधी काय मारायचं ते रेडिओवर ऐकलं, तेच आता मोहोराचा दोष रेडिओला देतायत, याचा मला फार राग आला.

परदेशी पैसा. परदेशातून देणगी घ्यायची तर संस्थेला परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. हे केंद्र चालवणाऱ्या संस्थेची अशी नोंदणीच नाही. विषय संपला. शिवाय सामुदायिक रेडिओची परवानगीच व्यक्तीला मिळत नाही, राजकीय पक्षाला मिळत नाही, आणि देताना गृह मंत्रालयाकडूनही तपासणी होते.

बातम्यांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे ऐकवायची तेवढी मुभा आहे, आणि आमचं केंद्र तेच करत होतं. हवामान, पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, परीक्षेचा निकाल, साथीच्या आजाराची सूचना हे नियमाच्या लेखी बातम्यांत धरत नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच ‘बेकायदा’ ठरवलंय. आणि जे काही हवेत जातं त्याचं रेकॉर्डिंग केंद्राला तीन महिने सांभाळून ठेवावं लागतं. कुणाला शंका होती तर मागायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पष्ट म्हटलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी नाव-पत्ता-परवाना असलेल्या, तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या केंद्राला ग्रामसभेत काय ठरलं ते बातमी म्हणून सांगता येत नाही, आणि निनावी मेसेज मात्र एका दुपारी सगळ्या तालुक्यात फिरतो. माझ्या मते हा नियमच चुकीचा आहे. पण तो आमच्या केंद्राने मोडला नव्हता, आणि सरकारने केंद्र बंद केलेलंही नाही.

आता खरा घातक मुद्दा: ‘मोबाइल असताना रेडिओ कशाला?’

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत शिरलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड इकडे पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पिळवटले, टॉवर गेले. कित्येक गावांत दिवसेंदिवस मोबाइलला रेंज नव्हती, वीज तर त्याहून उशिरा आली. मुंबईतली मुलं वेड्यासारखी फोन लावत होती आणि इथे घरावर कौल उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हाही वीज आणि फोन दोन्ही गेले होते. माणसं माळ्यावर, छपरावर बसून होती आणि हातातला फोन बंद. हे सगळं इथल्याच माणसांनी भोगलंय, आणि तीच माणसं ‘मोबाइल आहे ना’ म्हणत मेसेज पुढे ढकलतायत.

मोबाइलचा टॉवर वीज गेली की बॅटरीवर काही तास काढतो, मग जनरेटरला डिझेल लागतं, आणि रस्त्यावर झाडं पडलेली असताना डिझेल पोहोचत नाही. त्यात फायबर तुटली की टॉवर उभा असून उपयोग नाही. अशा केंद्राचा ट्रान्समीटर साधारण ५० वॉटचा असतो. दोन-तीन पंख्यांना लागते तेवढ्या विजेत तो चालतो, म्हणजे इन्व्हर्टरवर, गाडीच्या बॅटरीवर, सोलर पॅनेलवरही. ऐकणाऱ्याला दोन सेल लागतात. निसर्गनंतर आमच्या केंद्रावरून रोज सकाळ-संध्याकाळ सांगितलं जायचं: कुठल्या रस्त्यावरची झाडं तोडून झाली, ताडपत्री कुठे वाटतायत, पंचनाम्याला तलाठी कुठल्या वाडीत येणार, विहिरीत किती पावडर टाकायची. हे सगळं पंधरा किलोमीटरच्या आतलंच होतं, कारण केंद्राचा पल्लाच तेवढा. पण वादळानंतर माणसाला तेवढ्याचीच गरज असते.

माझं नका ऐकू. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल बनवणाऱ्यांच्या संघटनांना लेखी सूचना काढली: फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नका, नसेल तर द्या. कारण असं दिलं की अलीकडे एफएम असलेले फोन कमी होत चाललेत आणि त्याने आपत्तीच्या काळात लोकांपर्यंत माहिती पोहोचवण्यात अडचण येते. इशारे पोहोचवण्याच्या सर्वांत प्रभावी साधनांत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ रेडिओ धरतो, हाही दाखला त्यात आहे. म्हणजे मोबाइल हातात असलेल्या माणसाला रेडिओ हवा, असं मोबाइल बनवणाऱ्यांना सूचना देणारं मंत्रालयच म्हणतंय. हे वाचून मेसेज लिहिणाऱ्याने दुसरा मुद्दा मागे घ्यावा.

एक गोष्ट मात्र खरी. खोल समुद्रात गेलेल्या बोटीला आमचा रेडिओ ऐकू येत नव्हता, येणारही नाही. तिथे बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसवर संकटाच्या हाकेचं चॅनल १६ आणि बंदरावरचा इशाऱ्याचा बावटा हेच कामाचे. हा रेडिओ ट्रॉलरवाल्यांसाठी नव्हताच. तो होता लहान होडीवाल्यांसाठी आणि खाडीत मुळे, तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढायला उतरणाऱ्या बायकांसाठी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्या या बायका. त्यांना अंदाज असतोच, पण खाडी जितकी आत शिरते तितकी भरती उशिरा पोहोचते, आणि ॲपवर दिसते ती कुठल्या तरी मोठ्या बंदराची वेळ. केंद्रावर सकाळी खाडीच्या तोंडाशी किती वाजता, पुलाशी किती वाजता आणि वरच्या वाडीत किती वाजता, असं तीन ठिकाणचं वेगवेगळं सांगायचे. पाणी भरायला लागलं की चिखलातून पाय उपसून काठ गाठायला वेळ लागतो. त्या वेळेची किंमत खाडीत उतरणारीलाच कळते. तमिळनाडूत पांबनला २०१६ पासून मच्छीमारांसाठीच ‘कडल ओसै’ नावाचं सामुदायिक केंद्र आहे. तिथल्या मच्छीमारांच्या हातातही मोबाइल आहेतच.

‘कुणी ऐकत नाही’ याला मी फार शब्द खर्च करणार नाही. तरुण पोरं ऐकत नव्हती, हे खरं. शेवटच्या वर्षात जुनेच कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागायचे, हेही खरं, आणि त्याने काही ऐकणारे गेले. पण काजूच्या बियांवर बसलेल्या बायका, रिक्षावाले, जाळी विणत बसलेले म्हातारे ऐकत होते. साताऱ्याच्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून लोकांनी ऐकलं, तेलंगणात ‘संघम रेडिओ’ दलित बायकांनी त्याच वर्षी सुरू केला. ऐकणारे नसते तर ही नावं आज कुणाला माहीत नसती.

मग बंद का पडला? पैशाने. खाऱ्या हवेने अँटेनाची केबल खाल्ली, विजेच्या झटक्याने ट्रान्समीटर गेला, आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. जाहिरातींची बिलं महिनोन्महिने थकलेली. २०२४ मध्ये सरकारने सामुदायिक रेडिओच्या जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं केली आणि सरकारी दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. कागदावर हिशेब केला तर बाराच्या बारा मिनिटं भरली की तासाला ५,३२८ रुपये होतात. पण बारा मिनिटं भरायला तेवढ्या जाहिराती खाडीपट्ट्यात कुठून येणार? आठवड्याला एक हार्डवेअरवाला, गणपतीत दोन मखरवाले, मेमध्ये एक क्लासवाला. त्यात केंद्रावर काम करणाऱ्या दोन मुलींचे पगार, वीजबिल आणि लहरींचं वार्षिक शुल्क. हे शुल्क २०१२ मध्ये एकदम १९,७०० वरून ९१,००० रुपये केलं होतं. देशभरातल्या केंद्रांनी आवाज उठवला तेव्हा ते मागे घेतलं. असं एक शुल्क एका फटक्यात अशी केंद्रं बंद पाडू शकतं.

‘लोकांना हवा असता तर वर्गणी दिली असती’ असं त्या मेसेजखाली कुणी तरी लिहिलंय. दिली होती. खोली ग्रामपंचायतीची, अँटेनाचा खांब मच्छीमार सोसायटीने उभा करून दिला, पहिली दोन वर्षं बायका फुकट कार्यक्रम करत होत्या. पण ट्रान्समीटर काही तांदळाच्या गोणीने दुरुस्त होत नाही.

नियम असा आहे की तीन महिन्यांहून जास्त काळ प्रसारण बंद राहिलं तर परवानगी रद्द होऊ शकते आणि ती लहर दुसऱ्या अर्जदाराला जाऊ शकते. त्यातला एक महिना गेलाय. परवानगी गेली तर पुन्हा अर्ज, पुन्हा मंत्रालयांच्या मंजुऱ्या, पुन्हा लहर मिळायची वाट. मध्ये एक पावसाळा नक्की येणार. दुरुस्तीच्या खर्चाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलाय. तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर गेला, तिथे त्या कागदाचा फोटोही टाका. आत्याला मी तो कालच पाठवलाय.