बंद कंप्यूटरचा पंखा

मे महिन्यात सोलापुरात पारा ४३च्या आसपास गेला, की छताचा पंखा वारा देत नाही, स्लॅबची धग तेवढी खाली ढकलतो. म्हणून मी टीचभर यूएसबी पंखा कंप्यूटरच्या मागं खोचला, कंप्यूटर बंद केला आणि आडवा झालो. पंखा फिरत राहिला.

आप्पा पाणी प्यायला उठले. "कंप्यूटर बंद हाय म्हनलास न्हवं? मग हे कुनाच्या जिवावर फिरलालंय बे?"

रात्री साडेबाराला एसएमपीएस (कंप्यूटरला वीज पुरवणारा भाग) समजावणं म्हणजे दिव्यच. हल्लीचा कंप्यूटर बटण दाबून पुरता बंद होतच नाही. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाची कंप्यूटरची रचना आणली. त्याआधीच्या डब्यांना खटकन पडणारा, मेनची वीजच तोडणारा स्विच असे. आताचं बटण मदरबोर्डाला, आतल्या मुख्य पाटीला, नुसता इशारा करतं. तो इशारा ऐकायला कुणीतरी जागं हवं, म्हणून एक जांभळी वायर रात्रंदिवस पाच व्होल्ट देत असते. दुपारी झोपलेल्या आजीसारखी: डोळे मिटलेले, पण शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण वाजलं की "कोन हाय रे?"

माझ्या एसएमपीएसच्या लेबलवर या वायरीपुढं २ अँपिअर छापलंय. म्हणजे १० वॅट. बायोसमधलं (कंप्यूटरच्या मुळातल्या सेटिंगांमधलं) ईआरपी नावाचं वीज वाचवायचं सेटिंग चालू असेल तर ही वीज यूएसबीपर्यंत येत नाही. ते मी कधीच बंद करून टाकलंय. पंखा २ वॅटचा. रात्रभर फिरवला तरी एक युनिट पडायला दोनेक महिने जातात, असा हिशेब मी सकाळी कागदावर मांडला. आप्पांनी कागद उलटा केला आणि पाठीमागं किराण्याची यादी लिहिली.

पण "जवळपास फुकट" एवढे दोन शब्द आईच्या कानावर पडलेच. संध्याकाळी देवघरातली दिव्यांची माळ कंप्यूटरला. ताईचा मोबाईल कंप्यूटरला. मागची पोर्टं भिंतीला टेकलेली, हाताला येणारं एकच, म्हणून सगळे एकाच हबवर, एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीवर. आणि गंमत अशी, की वायरीत १० वॅट असले तरी यूएसबी २.०च्या एका पोर्टातून ५०० मिलिअँपिअरच घ्यायचे असतात, म्हणजे अडीच वॅट. माळ मिणमिणली, मोबाईल 'स्लो चार्जिंग' म्हणू लागला आणि पंख्याची पाती मोजता यायला लागली.

शेवटी आप्पांनी पाळ्या लावून दिल्या. दहापर्यंत देव, मग ताईचा मोबाईल, पंखा पहाटेचा. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही बहुतेक पहाटेच. हौदातलं पाणी वर चढवायला मोटार लागते आणि मोटारीला त्या खोलीतला एकुलता सॉकेट, ज्यात कंप्यूटरचा प्लग असतो.

"चार-पाच दिवसांतनं एकदाच की बे," आप्पा म्हणाले आणि प्लग उपसला.