कोरडे मोजे

थंडीच्या दिवसांत अण्णा रात्री दोनदा उठत आणि पांघरुणात हात घालून आम्हा तिघा भावंडांची पावले चाचपून पाहत. पाऊल गार लागले, तर झोपेतून उठवून कोरडे मोजे घालायला लावत. इंदूरच्या रामबागेतल्या घरात, जिथे पौषातसुद्धा एका रजईत भागते, हा प्रकार आम्हाला विक्षिप्तपणा वाटे. त्यांच्या डाव्या पायाला दोन बोटे नव्हती, हे आम्ही रोज पाहत होतो. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असे कुणाच्या मनात आले नाही.

अण्णा लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, हवालदार होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या नामका चू नदीकाठच्या आपल्या ठाण्यांवर चिनी तोफांचा मारा सुरू झाला, तेव्हा ते तिथे होते, अंगावर सुती गणवेश घालून. टेलिफोनच्या तारा तुटल्या आणि विखुरलेल्या जवानांबरोबर बर्फातून भूतानच्या बाजूने उतरत ते कसेबसे परतले. हे मला त्यांच्याकडून कळले नाही. ते गेल्यावर त्यांच्या एका जुन्या सोबत्याने सांगितले.

आपल्या इंदुरात पानिपताचा विषय निघाला, की मल्हारराव होळकर रणांगणातून का निघाले यावर हमखास वाद पेटतो. (अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपली वकिली संपलेली नाही.) एका गणेशोत्सवात व्याख्यानानंतर असाच वाद रंगात आलेला असताना अण्णा मुकाट्याने उठले आणि चपला शोधू लागले. मी मागोमाग गेले. घराच्या दारात ते एवढेच म्हणाले, ‘‘त्या रात्री थंडी किती होती, ते कुणी विचारत नाही.’’

सैनिक युद्धाबद्दल बोलत नाही, याला आपण संयम म्हणतो आणि त्याचे कौतुक करतो. मला ते पटत नाही, कारण त्या मौनाची किंमत घरातली माणसे मोजतात. ‘‘त्यांना काही विचारू नका,’’ असे आईने आम्हाला बजावले होते. परिणामी माझा धाकटा भाऊ अण्णांचे गप्प बसणे म्हणजे आपल्यावरची नाराजी, असे समजून वाढला. आज पन्नाशी उलटल्यावरही समोरचा जरा अबोल झाला, की तो आधी स्वतःची चूक शोधतो. १९७१ लढून आलेल्यांच्या बैठकीत निदान पदकांची चौकट तरी दिसते. बासष्टची हार मात्र देशानेच झाकून ठेवली. त्या हारीची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही, मग एका हवालदाराने घरच्या ताटावर तोंड का उघडावे?

माझी मुलगी बंगळुरूला असते. डिसेंबर लागला, की मी फोनवर आधी मोज्यांची चौकशी करते आणि ती हसते. यंदा मात्र तिने कारण विचारले, तेव्हा मी नामका चूपासून सारे सांगितले. तिने ते त्याच रात्री मामाला सांगितले. सकाळी भावाचा फोन आला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘‘ताई, हे तुला सहा वर्षांपासून ठाऊक होते?’’