जावईबापूंचं स्नान

मराठवाड्यात पाहुण्याला आधी तांब्याभर पाणी आणि मग 'कवा आलाव?' हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. हल्ली मधे एक प्रश्न वाढलाय, 'जारचं देऊ का नळाचं?' जाणता पाहुणा यावर 'आत्ताच पिऊन आलोय' म्हणतो. अशा पाहुण्याबद्दल आमच्या घरात बरेच दिवस चांगलं बोललं जातं.

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. तो वार कुठला, हे एका गृहस्थाच्या हातात असतं आणि त्या हातात एक लांब लोखंडी चावी असते. गल्लीत कुणाकडंही लग्न निघालं की पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी या व्हॉल्व्हवाल्या मामांना जाते. कुलदैवत तिसरं. मामा रात्री अडीचला येतात. नळ आधी नुसती हवा सोडतो, खोकतो, मग गढूळ धार येते आणि त्या आवाजानं कुंभकर्णाच्या वंशातली माणसंसुद्धा ताडकन उठतात. जो तो नळालाच मोटार लावतो. ज्याची मोटार मोठी त्याचा हौद भरतो, बाकीच्यांचे नळ उलटे वारा ओढतात. मग लाइट जाते आणि गल्लीत पाच मिनिटं खरी समता नांदते. हौद, पिंपं, घागरी, पातेली, सगळं भरून होतं. आमच्याकडं कुकरसुद्धा भरतात, शिट्टी काढून.

अशा घरात 2018 साली अधिक ज्येष्ठ आला. अधिक महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. त्यांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. हे सगळं ऐन मे-जूनच्या तोंडावर टाकणारा पंचांगकर्ता मराठवाड्यातला नसणार, एवढं मी खात्रीनं सांगतो.

जावईबापू पुण्याचे. माणूस सोन्यासारखा, पण पाण्याच्या बाबतीत फार लाडात वाढलेला. आल्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून ते न्हाणीघरात गेले. आमच्या न्हाणीघरात शॉवर आहे. बिल्डरनं नकाशात दाखवला होता म्हणून बसवला. आम्ही त्याला घासण्या अडकवतो. जावईबापूंनी घासण्या काढून खिडकीत ठेवल्या आणि कॉक पिरगाळला.

मी बाहेर पेपर धरून बसलो होतो. शेजारी लातूरचे साडू. आतून पावसाळी आवाज आला. साडूंनी आधी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. स्वयंपाकघरातून बायको झारा घेऊनच बाहेर आली. जावयाला बोलता येत नाही, आणि तेही अधिकात! तिनं लेकीकडं बघितलं. लेक म्हणाली, "तुम्हीच सांगा की बाबा." मी दारापाशी जाऊन मोठ्यांदा खोकलो. आतून आवाज आला, "मामा, मस्त प्रेशर आहे हो तुमच्याकडं!"

पुढं 2019 साली जलजीवन मिशन आलं आणि खेड्यात माणशी दिवसाला 55 लिटरचं माप ठरलं. ते 55 लिटर जावईबापूंनी डोक्याला साबण लागायच्या आधीच संपवले होते.

साडूंना मात्र कंठ फुटला. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ते ठेसनावर बघायला गेले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. "आपल्याला मुंबईचं एक तिकीट कन्फर्म होईना गेलंय, आन्‌ पाण्याला अख्खी गाडी!" हे ते दर भेटीत सांगतात. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागी पाचपेक्षा जास्त माणसं जमू नयेत म्हणून 144 कलम लागलं होतं. न्हाणीघराच्या दाराकडं बोट करून साडू म्हणाले, "हे तवा लातुरात असते, तर एकट्यावरच लागलं असतं."

जावईबापू बाहेर आले ते गुलाबी होऊन. पाणीटंचाईचा विषय निघाल्यावर त्यांनी शंका काढली, "पण मामा, जायकवाडी एवढं मोठं आहे की!" आहे. शंभर टीएमसीच्या वरचं आहे. पण पैठणचा नाथसागर भरला म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या नळाला रोज पाणी येतं असं नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला. त्याच शहरात सतराव्या शतकात मलिक अंबरानं मातीच्या नळांनी पाणी खेळवलं होतं, वीज नाही, मोटार नाही. तशाच नहरीच्या पाण्यावर पुढं पाणचक्कीत पीठ दळलं जायचं. आज तिथं तिकीट काढून आपण ते पाणी बघतो.

खेड्यातही फार वेगळं नाही. आमच्या थोरल्या भावाच्या दारात मागं कुठल्याशा योजनेतून नळ आला. तोटीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. त्या दिवशी तोटीखाली जेवढी माती भिजली ती नारळाच्या पाण्यानं. टाकी व्हायचीय, विहिरीची जागा ठरायचीय. तोवर वहिनी तोटीला शेळी बांधतात. उन्हाळ्यात टँकर येतो, तो गावच्या आडात पाणी ओततो आणि बाया तेच पाणी पोहऱ्यानं पुन्हा वर शेंदतात. पाणी खाली सोडून वर काढण्यात काय शास्त्र आहे, ते टँकरवाल्याला ठाऊक.

जावईबापू तीन दिवस राहायला आले होते. दुसऱ्या दिवशी बायकोनं शॉवरच्या कॉकचं डोकंच काढून देवघरात ठेवलं, आणि धोंड्याच्या ताटात चांदीच्या वाटीऐवजी चांदीचा तांब्या दिला. "आंघोळीला बरा," एवढंच म्हणाली.

परवा उन्हाळ्यात त्यांचा पुण्याहून फोन आला. सोसायटीत टँकरवर भागवायलेत आणि दोन दिवसांपासून तोही नाही. आवाज पार बसलेला. "मामा, ते भाजी धुतलेलं पाणी तुम्ही नंतर कशाला वापरायचा हो?"

मी खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला, बायकोला चहा टाकायला सांगितला.

"सांगतो," म्हटलं. "आधी ते वरचं फवारं काढा, अन्‌ तिथं घासण्या लावा."