स्टाफरूममध्ये वाचू नये

नागपुरात साहित्याचे प्राध्यापक म्हणून नव्याने रुजू झाला असाल, तर अभिनंदन. नेट-सेट, पीएचडी, मग तासिका तत्त्वावर काढलेली उमेदीची वर्षं आणि मुलाखतीच्या आधी संस्थेत जे काही बोलणं झालं असेल ते, या सगळ्यातून तुम्ही सुखरूप पार पडलात. आता एकच धोका उरला आहे. तुम्हाला वाचायची सवय असेल, तर ती वेळीच आवरा.

निदान स्टाफरूममध्ये तरी पुस्तक उघडून बसू नका. "काहून सर, कोनती परीक्षा देऊन राहिले?" असं कुणीतरी विचारणारच. चाळिशीकडे झुकलेला माणूस परीक्षेशिवाय वाचतो, हे आपल्याकडे कुणाला पटत नाही. कादंबरी आहे म्हणालात, तर याला काम नाही असं ठरेल आणि दुपारपर्यंत महाविद्यालयाचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या क्रायटेरियाची फाइल तुमच्या टेबलावर येऊन पडेल. त्यापेक्षा लॅपटॉप उघडा, एक्सेलची शीट लावा आणि कपाळाला आठी घाला. आठी असलेल्या माणसाला कुणी फाइल देत नाही.

एक्सेलला मात्र घाबरू नका. साहित्याचा खरा आस्वाद हल्ली तिथेच घेतला जातो. समजा, तुमच्या वाट्याला तुकोबांचे अभंग आले. ते शिकवण्याआधी त्यांचं सीओ-पीओ मॅपिंग करायचं असतं. अभंग शिकून विद्यार्थ्याला काय येईल, हे एका बाजूला. पदवीने त्याला काय यावं, हे दुसऱ्या बाजूला. आणि मधल्या चौकटींत १, २ किंवा ३ हे आकडे. पर्यावरणाची जाणीव? वृक्षवल्लीचा अभंग आहे, बिनधास्त ३ टाका. संवादकौशल्य? माणूस थेट विठ्ठलाशी भांडतो, तिथेही ३. रोजगारक्षमतेपाशी मात्र तुम्ही अडखळाल. दुष्काळात ज्यांचं दुकान बसलं, त्यांच्याकडून उद्योजकता कितीशी शिकायची? तिथे २ टाका. १ टाकलात तर सुधारणेचा अहवाल लिहावा लागतो आणि ३ टाकलात तर पुरावा मागतात. २ हा आकडा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. संतसाहित्यावर इतका बारीक विचार याआधी कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळावर गेलात तर कवी ग्रेस तेवढे लावू नका. ते इथेच, नागपुरात मराठी शिकवत. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो भाषणापुरता ठेवावा. कारण सत्राअखेर साध्यता टक्क्यांत दाखवायची असते, आणि ग्रेसांची कविता आपल्याला पूर्ण कळली असं लिहून देणारा विद्यार्थी बहुधा खोटं बोलत असतो. शिकवणाऱ्याबद्दल न बोललेलं बरं.

आता संशोधन. इथे थोडं गणित लागतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत मानव्यविद्यांतल्या एका शोधनिबंधाला बढतीसाठीचे १० गुण आहेत. अख्ख्या पुस्तकाचा अनुवाद केलात, तर ८. म्हणजे बंगालीतली सहाशे पानांची कादंबरी मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षं डोळे फोडणारा माणूस 'ग्रामीण कादंबरीतील बैल : एक चिंतन' हा सहा पानी निबंध पाडणाऱ्याच्या दोन गुणांनी मागे राहतो. तेव्हा बैलच धरा. पुढच्या वर्षी बैल सोडून विहीर घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी बाभूळ. मजकुरातलं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य वाङ्मयचौर्याच्या नियमांत माफ आहे. ती सवलत वाया घालवू नका. कुठल्या नियतकालिकात छापावं ही विवंचनाही आता राहिली नाही. पूर्वी मान्य नियतकालिकांची यूजीसीची केअर यादी होती आणि त्या यादीतल्या नियतकालिकांचे उंबरठे झिजवावे लागत. २०२५ मध्ये यादीच बंद झाली. आता चांगलं-वाईट महाविद्यालयाने स्वतःच ठरवायचं आहे. म्हणजे कोण ठरवणार, ते तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल.

संमेलनांना आवर्जून जा. विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं संमेलन झालं, तेव्हा आपली केवढी सोय झाली होती! सकाळी निघायचं, ग्रंथदिंडीत फेटा बांधून चार पावलं चालायचं, परिसंवादाच्या फलकापुढे फोटो, उपस्थितीचं प्रमाणपत्र, आणि रात्रीच्या जेवणाला नागपुरात. शिवाय कर्तव्य रजा.

मग वर्गात शिकवायचं कोणी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. (पडला असेल तर तुम्ही खरंच नवीन आहात.) त्यासाठी तासिका तत्त्वावरचे असतात. त्यांचे पैसे तासांवर मोजतात आणि सत्र संपल्यावर सवडीने देतात, त्यामुळे त्यांना शिकवणं भाग असतं. त्यांच्यातल्या एखाद्याच्या पिशवीत एखादे वेळी पुस्तक दिसेल. दुर्लक्ष करा. अजून पर्मनंट व्हायचाय बिचारा.

हे सगळं सांभाळून एक भाषण तेवढं पाठ करून ठेवा : 'वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे.' १५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन असतो. तेव्हा ते दर वर्षी लागतं. मोबाइलला दोन शिव्या, ग्रंथालयातल्या धुळीवर एक वाक्य, 'आमच्या काळी' दोनदा.

फक्त नागपुरात ही तारीख जरा अडचणीची आहे. आदल्याच दिवशी १४ ऑक्टोबर असतो. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. त्या वर्षी दसराही त्याच दिवशी होता, म्हणून लोक दसऱ्यालाही येतात आणि १४ तारखेलाही. भाषण टिकवायचं असेल, तर त्या दिवसांत दीक्षाभूमीकडे फिरकू नका. तिथे रस्त्याच्या कडेने पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात आणि त्यांच्यापुढे उभं राहायला जागा नसते. मराठवाड्यातून, वऱ्हाडातून रेल्वेने, एसटीने, भाकरी बांधून लोक आलेले असतात. रात्री मिळेल तिथे उघड्यावर पाठ टेकतात आणि सकाळी पुस्तकं निवडतात. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड, संविधानाची प्रत, आत्मकथनं, कवितांच्या पुस्तिका. मजुरीच्या पैशांतून. स्वतःला वाचता येत नसेल, तर नातवासाठी. आणि यातल्या कुणालाही एपीआय, म्हणजे ते बढतीचे गुण, मिळत नाहीत.

त्या बाजूने जावंच लागलं, तर रिक्षातून जा आणि फोनमध्ये बघत राहा.

तरी एक संकट टळत नाही. दसऱ्याची सुटी संपल्यावर मागच्या बाकावरची एखादी मुलगी तास संपताना टेबलाशी येईल. तिच्या हातात त्या स्टॉलवरचं पुस्तक असेल, मध्ये दोन-तीन ठिकाणी बसचं तिकीट खुणेला घातलेलं. "सर, हे वाचलं का तुम्ही? एक विचाराचं होतं." अशा वेळी गडबडून जाऊ नका. पुस्तक हातात घ्या, उलटंपालटं करा, किंमत बघा आणि तिला विचारा, अंतर्गत मूल्यमापनाची असाइनमेंट कधी देते?