टोमॅटो फिनाईलमध्ये बुडवायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

काल मावशीचा फोन. "अगं, दोन किलो टोमॅटो फिनाईलच्या पाण्यात टाकलेत, अर्ध्या तासाने काढू ना?" मी ओरडलेच. मेसेज असा: दक्षिण अमेरिकेतला विषारी पतंग भारतात घुसलाय, लॅबमध्ये बनवलाय, पंखावरचे काळे ठिपके म्हणजे विषाच्या पिशव्या, तो टोमॅटोवर बसला की विष उतरतं, म्हणून फिनाईलमध्ये भिजवा आणि 11 जणांना पाठवा.

आधी फिनाईल. ते लादी पुसायचं आहे हो! टोमॅटोच्या देठाच्या खळग्यातून पाणी आत शिरतं, त्यासोबत फिनाईलही शिरणार, वरून कितीही धुवा. म्हणजे नसलेल्या विषाच्या भीतीने खरं विष आपणच घालायचं आणि वर त्याची कोशिंबीर करायची.

आता ठिपके. हा पतंग म्हणजे टुटा, टोमॅटोवरची कीड, शेतकऱ्यांना विचारा. जेमतेम 5 ते 7 मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी-तपकिरी पंख आणि त्यावर बारीक काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे पंखावरच्या खवल्यांचा रंग, बस. मेसेजमधला फोटो तर तळहाताएवढ्या, डोळ्यांसारखी नक्षी असलेल्या कुठल्यातरी भलत्याच पतंगाचा आहे. आणि खरी गंमत पुढेच आहे, ठिपके बघून टुटा खात्रीने ओळखता येतच नाही, युरोपातल्या पीक-संरक्षण संघटनेची (एप्पो) ओळख-पद्धत वाचा, पतंगाचं जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगतात, कारण बटाट्यावरचा पतंग जवळजवळ तसाच दिसतो. 2021 मध्ये तर शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच वंशात टाकलं. तज्ज्ञांची ही गत, आणि मेसेजवाल्याला घरबसल्या विषाच्या पिशव्या दिसल्या!

लॅबचं म्हणाल तर मेरिक नावाच्या कीटकतज्ज्ञाने पेरू देशातल्या नमुन्यावरून 1917 मध्येच याचं वर्णन छापलंय. पुढे काय बोलणार.

हां, बाहेरून आलाय हे खरंय, मान्य करावंच लागेल. 2006 मध्ये स्पेन, 2014 मध्ये थेट आपलं पुणे. नुकसानही भयंकर करतो, पण ते पतंग नाही, त्याची अळी करते, पानं पोखरते, फळाला टाचणीएवढी भोकं पाडते, मग ते सडतं. म्हणून शेतात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावतात. भोकाचा टोमॅटो टाकून द्या, बाकीचे साध्या पाण्याने धुवा.

मावशीने टोमॅटो फेकले. मेसेज मात्र त्याआधीच 11 जणांना गेला होता, आता एकेकाला फोन करत बसलीये.