पोस्टरं, ‘गेर्निका’ आणि प्रचाराचा आक्षेप

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार.

माद्रिदमधल्या चित्रसंग्रहांवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. गेर्निका गावावरच्या बॉम्बहल्ल्यावर पिकासोने काढलेलं ‘गेर्निका’ पाहायला आलेल्या माणसाला स्पेनच्या यादवी युद्धातल्या पोस्टरांपुढे अर्धा तास थांबवणं म्हणजे कला आणि प्रचार एका पंगतीला बसवणं. पोस्टरं इंटरनेटवर नीट दिसतात, त्यासाठी संग्रहालयातला वेळ खर्चू नये. आणि माद्रिदच्या रास्त्रो या जुन्या वस्तूंच्या बाजाराचं नाव घेऊन मी वाचकांना फसवणुकीच्या तोंडी देतो आहे. यातला पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

‘गेर्निका’ हीसुद्धा सरकारने मागवलेली कलाकृती आहे. १९३७च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पिकासोकडे भित्तिचित्र मागितलं आणि खर्चापोटी दीड लाख फ्रँक दिले. हे निमंत्रण नेणारे ललित कला खात्याचे महासंचालक जोसेप रेनाउ स्वतः पोस्टरकार होते. दालनावरची मोठमोठी छायाचित्रांची फलकं त्यांच्याच देखरेखीखाली झाली. म्हणजे पोस्टर आणि ‘गेर्निका’ यांची गाठ मी घातलेली नाही. ती त्या इमारतीतच पडली होती.

पुढचा प्रवासही बघा. १९३८ आणि १९३९ मध्ये हे चित्र गुंडाळून स्कँडिनेव्हिया, इंग्लंड आणि मग अमेरिकेत नेलं गेलं. इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास तर स्पेनसाठी सहानुभूती आणि मदत मिळवायलाच होता. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत तर प्रवेशमूल्य म्हणून आघाडीवरच्या सैनिकांसाठी बुटांचा जोड घेतला जात होता. कॅनव्हास पुन्हापुन्हा गुंडाळून-उलगडून रंगाला भेगा गेल्या, पुढे न्यूयॉर्कमध्ये मागच्या बाजूने मेण भरून तो सावरावा लागला. आज हे चित्र कुठेही उसनं दिलं जात नाही, त्याचं मोठं कारण हे.

तरीही दोन्हींत फरक आहे, आणि तो जागेवरच पाहायला हवा. पिकासोची सहचरी, छायाचित्रकार दोरा मार हिने हे चित्र घडत असताना टप्प्याटप्प्याने छायाचित्रं काढली होती. सुरुवातीच्या टप्प्यात खाली पडलेल्या योद्ध्याचा हात सरळ वर उठलेला आहे, मूठ वळलेली. पुढच्या टप्प्यात त्याच मुठीत धान्याची पेंढी येते आणि मागे मोठा सूर्य उगवतो. नंतर पिकासोने ती मूठ, पेंढी, उठलेला हात सगळं काढून टाकलं. वळलेली मूठ हे त्या वर्षीच्या पोस्टरांचं सर्वांत ठळक चिन्ह होतं. चित्रकार मीरोच्या ‘एदे लेस्पान्य’ (‘स्पेनला मदत करा’) या पोस्टरात तर तीच अवाढव्य होऊन अर्धा कागद व्यापते. ही पोस्टरं आधी पाहिली नसतील, तर पिकासोने नेमकं काय नाकारलं हे कळणार कसं? तसंच मृत मूल घेतलेली आई. माद्रिदला मदत करा म्हणणाऱ्या प्रचार मंत्रालयाच्या पोस्टरावर मूल कवटाळलेली बाई आणि वर विमानं आहेत. ‘गेर्निका’त विमान नाही. शत्रूचं कुठलंही चिन्ह नाही. पोस्टराला काही क्षणांत बोट दाखवायचं असतं. ७.७७ मीटर रुंद आणि ३.४९ मीटर उंच कॅनव्हासला ती घाई नव्हती. माझ्या मते हा फरक उच्च-नीच असा नाही, दोन कामांचा आहे.

आता स्क्रीनवर काय हरवतं ते. तेव्हाची बरीचशी पोस्टरं साधारण १०० बाय ७० सेंटिमीटरची, लिथोग्राफीने, म्हणजे दगडावरून किंवा पत्र्यावरून छापलेली. चित्रकार जलरंगात नमुना करी, कारागीर त्यातला प्रत्येक रंग वेगळ्या दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवत. चार रंग म्हणजे तोच कागद चार वेळा यंत्रातून जाणार. मधल्या वेळात कागदाने ओल धरली की तो किंचित वाढतो आणि पुढचा रंग सरकतो. मग कडेला पांढरी फट पडते किंवा दोन रंग एकमेकांवर चढून काळपट रेघ उमटते. हे टाळायला जाणते कारागीर एक रंग दुसऱ्याखाली मुद्दाम थोडा सरकवून ठेवत. या कडा जवळून पाहा, मग दोन-तीन पावलं मागे या आणि अक्षरं चित्राआधी वाचली जातात का ते तपासा. आधी दूर उभं राहून नुसता आकार ओळखणं, मग जवळ जाणं, हा क्रम मला जास्त आवडतो.

संग्रहालयात पोस्टरं लावलेल्या दालनात उजेड कमी वाटेल, तो मुद्दाम. लाकडाच्या लगद्याच्या कागदातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य प्रकाशाने पिवळं पडतं आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. म्हणून कागदावरच्या कामासाठी साधारण ५० लक्स (उजेडाचं माप) इतकाच मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी कागद बदलतात. त्यामुळे ठरावीक पोस्टर लावलेलं असेलच असं धरून जाऊ नका. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला दोन-चार मिनिटं द्या.

वेळेचं गणित म्हणाल तर ‘गेर्निका’ जिथे आहे ते रेइना सोफिया संग्रहालय मंगळवारी बंद असतं. सोमवारी आणि बुधवार ते शनिवार संध्याकाळी ७ ते ९ प्रवेश मोफत, पण तेव्हा ‘गेर्निका’समोर गर्दीची भिंत उभी असते. सकाळी दार उघडताच दुसऱ्या मजल्यावर थेट ‘गेर्निका’ गाठा, आठ-दहा मीटर मागून सबंध पाहा, नंतर १९३७च्या स्पॅनिश दालनाची छोटी प्रतिकृती आणि आसपासची पोस्टरं बघा, आणि पुन्हा ‘गेर्निका’कडे या.

रास्त्रोबद्दलची तुमची काळजी योग्य आहे. रविवार सकाळच्या त्या बाजारात जुनं म्हणून दिसणारं बहुतेक पुनर्मुद्रण असतं, हे धरूनच चाला. दहापट भिंग सोबत ठेवा. सपाट रंगाच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके फुलांच्या नक्षीसारखे मांडलेले दिसले, तर ते छायाचित्रावरून केलेलं अलीकडचं ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईचं काम. लिथोग्राफीत रंग सलग असतो किंवा दाणे अनियमित. घडीची रेघ छापलेली आहे की कागदच तिथे मोडला आहे, हे बोटाने कळतं. मागची बाजू पाहू देत नसतील, चौकट उघडायला नकार देत असतील, तर शोभेचा कागद म्हणून जेवढे युरो द्यावेसे वाटतील त्याहून एकही जास्त देऊ नका.