घटस्फोट झाला, आता नक्कल काढा

अमेरिकेत घटस्फोट मिळणं सोपं की अवघड, यावर दोन मतं असू शकतात. झालेल्या घटस्फोटाचा कागद काही वर्षांनी परत मिळवणं अवघड, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. दोघांचं एकमत व्हावं असा तो बहुधा पहिलाच विषय.

कागद लागतो तोही नेमका घाईच्या वेळी. दुसरं लग्न ठरतं आणि इमिग्रेशनवाले पहिलं संपल्याचा पुरावा मागतात. पासपोर्टवर माहेरचं आडनाव परत आणायचं असतं. किंवा पुण्याच्या वकिलांचा मेसेज येतो, "मॅडम, डिक्रीची सर्टिफाइड कॉपी पाठवा, अपॉस्टिल करून." म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत, आणि तिच्यावरचा सही-शिक्का खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी दाखला. मूळ कागद घरातच कुठेतरी 'नीट ठेवलेला' असतो, आणि आपल्याकडे नीट ठेवलेली वस्तू सापडल्याचा इतिहास नाही.

मग माणूस लॅपटॉप उघडतो. अमेरिकेतल्या सगळ्या कोर्टांची एक वेबसाइट असणारच, अशी आपली भाबडी समजूत असते. पेसर नावाची एक आहेही, पण ती फेडरल कोर्टांची. तिथे दिवाळखोरी सापडते, संसार सापडत नाही. कौटुंबिक खटले राज्यांच्या अखत्यारीत, आणि कागद बहुतेक ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कपाटात. एकट्या टेक्सासात 254 काउंट्या आहेत, तेव्हा 'टेक्सासात झाला होता' एवढ्या माहितीवर काही शोधू म्हणाल तर शुभेच्छा.

काउंटी कुठली? लग्न झालं तिथली नाही, हल्ली राहता तिथलीही नाही. जिथे केस दाखल झाली तिथली. कॅलिफोर्नियात अर्ज करण्यापूर्वी दोघांपैकी एकाने तरी राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे अर्ज केला त्या सुमाराचा भाड्याच्या घराचा पत्ता आठवला की निम्मं काम झालं. पत्ता मात्र नीट बघा. फ्रीमाँट आणि मिलपिटस एकमेकांना चिकटून आहेत, पण फ्रीमाँट अलमेडा काउंटीत आणि मिलपिटस सँटा क्लारात. एक एक्झिट पुढे घर घेतलं असेल तर फाइल दुसऱ्याच इमारतीत. आणि सहा महिन्यांचंच निघालं म्हणून सांगतो, कॅलिफोर्नियात समोरच्याला समन्स बजावल्यापासून किंवा तो स्वतः हजर झाल्यापासून सहा महिने उलटल्याशिवाय लग्न कायद्याने संपतच नाही. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपण नुसती म्हणतो, त्यांनी कायद्यात लिहून ठेवली आहे.

काउंटी कळली की प्रश्न येतो ऑफिसचा. कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्टाचा क्लार्क. टेक्सासात लग्नाचं लायसन्स काउंटी क्लार्ककडे, पण घटस्फोटाची फाइल डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. जोडणारा वेगळा, तोडणारा वेगळा. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक काउंट्यांत हे खातं प्रोथोनोटरी नावाच्या अधिकाऱ्याकडे असतं. नाव औषधाचं वाटलं तरी हुद्दा खरा आहे.

न्यूयॉर्कची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे फॅमिली कोर्ट आहे, मुलांचा ताबा आणि पोटगी ते बघतं, पण घटस्फोट देत नाही. तो देतं सुप्रीम कोर्ट. हे सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचं कोर्ट. सगळ्यात वरच्याला तिथे कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात. गावाकडे फोनवर "सुप्रीम कोर्टातून कागद काढायचाय" असं सांगितलंत, तर काका म्हणणार, "बापरे, दिल्लीपर्यंत गेलं प्रकरण!" त्यात ब्रुकलिन म्हणजे किंग्ज काउंटी, स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड काउंटी आणि मॅनहॅटन म्हणजे न्यूयॉर्क काउंटी. आणि फाइल काउंटी क्लार्ककडे बंद. न्यूयॉर्कच्या कायद्याने घटस्फोटाची कागदपत्रं शंभर वर्षं फक्त दोन्ही पक्षांना आणि त्यांच्या वकिलांना बघता येतात. तेव्हा तुमच्यासाठी तिथे राहणाऱ्या मावसभावाला पाठवायचं असेल, तर नोटरी केलेलं अधिकारपत्र देऊन पाठवा. नुसता 'मी तिचा भाऊ' खिडकीपाशी चालत नाही.

आता शोध. केस नंबर असेल तर तुम्ही राजे. नसेल तर नावाने शोधा, आणि इथे आपली त्रिपदी नावं आडवी येतात. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव ही आपली रचना कोर्टाच्या सूचीला कळत नाही. मधल्या नावाच्या जागी कधी नुसतं आद्याक्षर, कधी ते चुकून आडनावात गेलेलं. आणि गंमत अशी, की ज्याच्याशी फारकत घेतली त्याचंच नाव बाईच्या नावात मधोमध बसलेलं असतं. व्ही आणि डब्ल्यू, एस आणि एसएच, 'देशपांडे'च्या शेवटी ई की वाय, सगळे पर्याय टाकून बघा. दोन्ही पक्षांच्या नावांनी शोधा. अर्जदार कोण होतं ते आठवा, कारण फाइल आधी त्याच्या नावाने ओळखली जाते. आणि दाखल केल्याचं वर्ष अंदाजे तरी द्या. निकालाचं वर्ष नव्हे. निकाल पुष्कळदा पुढच्या, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी लागतो.

नंबर सापडला, आता कागद डाउनलोड करू, असं मनात आलं असेल तर ते तिथेच ठेवा. कॅलिफोर्नियात बहुतेक कौटुंबिक फाइली सार्वजनिक आहेत, कोर्टात जाऊन कोणीही बघू शकतो. पण कोर्टाच्या नियमांनुसार त्यातली कागदपत्रं सर्वसामान्यांना घरबसल्या इंटरनेटवर दाखवत नाहीत. तुम्हाला ऑनलाइन दिसते ती कधी काय दाखल झालं त्याची यादी. म्हणजे मेनूकार्ड वाचायचं, जेवण कोर्टात. मुलांच्या ताब्याबद्दलचे तज्ज्ञांचे अहवाल आणि फाइलला जोडलेली टॅक्स रिटर्न्स मात्र बाहेरच्या माणसाला कोर्टात जाऊनही बघता येत नाहीत. 'सगळे रेकॉर्ड्स पाच मिनिटांत' म्हणणाऱ्या खासगी वेबसाइट्सना कार्ड नंबर देऊ नका. त्या यादीच परत विकतात, आणि त्यांच्या प्रिंटआउटवर शिक्का नसतो.

सगळ्यात जास्त माणसं गारद होतात ती मागणी लिहिताना. "माझी घटस्फोटाची कागदपत्रं पाठवा" असं लिहिलंत तर क्लार्कच्या दृष्टीने तुम्ही अख्खी फाइल मागितली: अर्ज, उत्तर, उत्पन्नाची पत्रकं, दोघांनी एकमेकांबद्दल शपथेवर लिहिलेलं साहित्य. कॅलिफोर्नियात साधी प्रत पानामागे 50 सेंट, आणि कोणतीही कागदपत्रं प्रमाणित करायचे 40 डॉलर. घटस्फोटाच्या निकालाच्याच प्रमाणित प्रतीला मात्र वेगळा, 15 डॉलरचा दर आहे. तेव्हा स्पष्ट लिहा: एफएल-180 या फॉर्मवरच्या जजमेंटची सर्टिफाइड कॉपी. जोडपत्रांसह की शिवाय, तेही लिहा. जोडपत्रात बहुधा तडजोडीचा करार असतो. कुकर कोणाचा आणि क्रेडिट कार्डाचं देणं कोणाचं, हे सगळं त्यात. पोटगी किंवा मालमत्तेचा वाद असेल तर तो हवाच. नाव बदलायला तो कशाला?

कोर्टाने पाठवलेली निकाल नोंदवल्याची नोटीस, म्हणजे एफएल-190, ही डिक्री नव्हे. एफएल-180 वर दोन तारखा असू शकतात, निकाल नोंदवल्याची आणि लग्न संपल्याची. दुसरं लग्न लावायला दुसरी तारीख मोजतात. पहिली तारीख धरून हॉल बुक करणारे निघतात, म्हणून सांगितलं. माहेरचं आडनाव परत दिल्याची ओळही याच फॉर्मवर शोधा. ती नसेल तर नवा खटला भरायची गरज नाही, त्यासाठी एफएल-395 नावाचा अर्ज आहे.

टपालाने मागवत असाल तर दोन गोष्टी. परतीचा पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट आत घाला. एका तिकिटात जजमेंट मावत नाही आणि क्लार्क पदरचं तिकीट लावत नाही. दुसरी गोष्ट चेकची. पानं किती निघतील ते आधी माहीत नसतं, म्हणून कॅलिफोर्नियातली अनेक कोर्टं रक्कम मोकळी सोडलेला चेक मागतात. त्यावर 'अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही' एवढं लिहायचं. कोरा चेक म्हटल्यावर मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. येऊ द्या, पण मर्यादा फार आखडती ठेवू नका. केस नंबर दिला नसेल आणि शोधायला दहा मिनिटांच्या वर वेळ लागला तर शोधाचे 15 डॉलर वेगळे लागतात. मर्यादा कमी पडली की अख्खं पाकीट परत, तुमच्याच तिकिटावर. जुनी फाइल मायक्रोफिल्मवर किंवा गावाबाहेरच्या गोदामात असेल तर आणखी काही आठवडे धरा.

प्रत हातात आली की मागचं पान बघा. शिक्का उमटलाय का, सही आहे का, सही करणाऱ्याचं नाव वाचता येतं का. भारतासाठी पुढची पायरी अपॉस्टिल. भारत 2005 पासून अपॉस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात आहे. अपॉस्टिल काउंटी देत नाही, त्याच राज्याचं सरकार देतं, बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी ऑफ स्टेट. कॅलिफोर्नियात एका अपॉस्टिलचे 20 डॉलर. सोबतच्या पत्रात देशाचं नाव लिहा. कॅलिफोर्नियाची डिक्री घेऊन न्यू जर्सीच्या ऑफिसात गेलात तर तिथला माणूस अत्यंत नम्रपणे ती परत देईल. अपॉस्टिल फक्त सही-शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. ती डिक्री भारतात मानायची की नाही, हे तिथलं कोर्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 प्रमाणे ठरवतं. अपॉस्टिल झालं म्हणून पुण्याच्या वकिलांची फी वाचत नाही.

मला विचाराल तर प्रमाणित प्रती दोन मागवा. एकीवर अपॉस्टिल घ्या, दुसरी घरात ठेवा. आणि झेरॉक्स काढताना कोपऱ्यातली स्टेपलची पिन काढू नका. आपल्याला सवय असते, नखाने पिन उचकटायची, पानं सपाट करून मशीनवर ठेवायची, मग परत टाचायची. अपॉस्टिलच्या ऑफिसात दोन जास्तीची भोकं दिसली की पानं बदलली असा संशय येतो आणि प्रमाणपत्र बाद होतं. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. उठावाचा शिक्का प्लॅस्टिकखाली चपटा होतो, आणि अपॉस्टिलचा कागद त्या गुळगुळीत प्लॅस्टिकला जोडायचा कुठे? महत्त्वाचा कागद बघितला की लॅमिनेट करणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. कागद त्यांच्या हाती लागायच्या आत अपॉस्टिलला टाका.